निसटलेला बॅटन: टीका, प्रोत्साहन आणि दोन प्रशिक्षकांचे एक प्रकरण

मुलांना खेळ शिकवणाऱ्या ख्रिस्ती प्रशिक्षकांमध्ये बोलणे निघाले की टीका किती करावी आणि कौतुक किती करावे हा प्रश्न हमखास येतो, आणि बहुतेक वेळा तो प्रमाणाचा प्रश्न म्हणूनच मांडला जातो. पुढील प्रकरण मी निवडले ते एवढ्यासाठी की त्यात टीकाही भरपूर होती, कौतुकही भरपूर होते, दोन्ही करणारी माणसे मुलांवर मनापासून प्रेम करणारी होती, आणि तरीही एक मुलगी मैदान सोडण्याच्या बेतात आली होती. हे प्रकरण कोणा एका संघाचे नाही. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, युवा विभागांनी चालवलेल्या क्रीडासंघांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते अभ्यासासाठी रचले आहे, त्यामुळे त्यातील माणसांना नावे दिलेली नाहीत.

संघ आणि प्रसंग

संघ चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींचा, प्रकार ४×१०० मीटर रिले: चौघी एकीमागून एक धावतात आणि हातातली छोटी नळी, म्हणजे बॅटन, पुढच्या मुलीच्या हाती देतात. मुख्य प्रशिक्षक स्वतः एके काळचे धावपटू आणि मंडळीत वडीलधारे. मुली त्यांना सर म्हणतात. सहायक प्रशिक्षिका तरुण, संडे स्कूलमध्ये शिकवणारी. तिला सगळ्या ताई म्हणतात. सरांचा स्वभाव चूक दिसली की तिथल्या तिथे बोलून मोकळे होण्याचा, तर ताईचा विश्वास असा की मुलांना बाहेरच्या जगात टोमणे पुष्कळ मिळतात, निदान इथे तरी त्यांनी चांगलेच ऐकावे. दोघांमध्ये वाद नव्हता. उलट, एकाने कडक असावे आणि एकीने मायेने सांभाळावे म्हणजे समतोल आपोआप साधतो, अशी दोघांची समजूत होती.

अंतिम शर्यतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या धावपटूंमधील बदलात बॅटन खाली पडला. तिसऱ्या टप्प्यावरच्या मुलीच्या बोटांना तो लागला आणि निसटला, त्यामुळे पाहणाऱ्या प्रत्येकाला चूक तिचीच वाटली. शर्यत संपल्यावर सरांनी तिला धावपट्टीच्या कडेला, इतर मुली आणि पालक ऐकत असताना सुनावले, "इतके महिने हेच शिकवतोय ना? तुझं लक्षच नव्हतं. थोडक्यात विश्वासू राहता येत नाही, तर पुढे मोठं काय करणार?" ते तेथून गेल्यावर ताईने तिला जवळ घेतले आणि म्हणाली, "काही झालेलं नाही गं. तू जन्मजात धावपटू आहेस, देवाचीच देणगी आहे ती. मनाला लावून घेऊ नकोस." मुलगी काहीच बोलली नाही. खाली बसून ती स्पाइक्सच्या नाड्या सोडत राहिली.

त्यानंतरच्या आठवड्यांत तिच्या धावण्यात एक बदल झाला, आणि रिले शिकवणाऱ्याने तो बारकाईने पाहावा असा आहे. बॅटन घेणारी धावपटू आपल्या मागे पावले मोजून जमिनीवर एक खूण चिकटवते. येणारी सहकारी त्या खुणेवर पोहोचली की तिने मागे न पाहता पूर्ण ताकदीने सुटायचे असते, आणि त्या सहकारीची हाक आली की हात मागे स्थिर धरायचा असतो. ही मुलगी आता खूण ओलांडली गेल्यावरही क्षणभर थांबू लागली, मान वळवून बॅटनकडे पाहू लागली, आणि जवळजवळ उभ्यानेच तो घेऊ लागली. बॅटन पुन्हा एकदाही पडला नाही. पण रिलेची सगळी कला बॅटनचा वेग कमी न होऊ देण्यात असते, आणि या बदलात तो वेग प्रत्येक वेळी मरत होता. सर म्हणत, "घाबरून धावतेस." ताई म्हणे, "छान! पडला नाही ना आज?"

काही दिवसांनी मुलीने राखीव खेळाडू होण्याची इच्छा व्यक्त केली. तिची आई दोघा प्रशिक्षकांना भेटली आणि तिने मुलीचे एक वाक्य जसेच्या तसे सांगितले: "सर बोलतात ते खरं असतं, आणि ताई बोलतात ते मला बरं वाटावं म्हणून असतं." माझ्या मते या प्रकरणाचा गाभा त्या वाक्यात आहे. समतोल दोन माणसांत वाटून दिला की मुले कडू ते सत्य आणि गोड ते खोटे असे शिकतात. मग टीका त्यांना चिरडते आणि कौतुक त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

चित्रफितीत काय दिसले

आईच्या भेटीनंतर दोघांनी त्या शर्यतीचे एका पालकाने केलेले चित्रीकरण सावकाश लावून पाहिले. हे त्यांनी शर्यतीच्या दिवशीच करायला हवे होते. तिसरी धावपटू अगदी वेळेवर सुटली होती. हाक आल्याबरोबर तिचा हात मागे गेला होता. मात्र हाक फार लवकर, फार लांबून आली होती. दुसऱ्या टप्प्यावरची मुलगी शेवटच्या काही ढांगांत मंदावली होती आणि हात पूर्ण ताणून बॅटन पुढे ढकलत होती. अपेक्षित क्षणी बॅटन तळहातावर आला नाही म्हणून तिसरीने मान वळवली, मान वळली तसा खांदा फिरला, आणि खांद्याबरोबर हात दोन वीत बाहेर गेला. तेवढ्यात बॅटन तिच्या बोटांवर आदळला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ४×१०० मीटर रिलेत बॅटन बदलण्यासाठी ३० मीटरचा पट्टा मिळतो; या दोघींनी धीर धरला असता तर पुढे जागा शिल्लक होती.

दुसऱ्या टप्प्यावरची मुलगी का मंदावली, याचे उत्तर चित्रफितीत नव्हते, पण दोघांनाही ते ठाऊक होते. ती संघातली सर्वांत वेगवान मुलगी. पूर्ण वेगातल्या बदलाच्या सरावाची वेळ आली की दमले आहे असे सांगून ती बाजूला बसत असे. जमिनीवरची खूण त्यामुळे तिच्या खऱ्या वेगाशी कधी नीट जुळवली गेलीच नव्हती. तिला कोणी काही बोलले नव्हते, कारण ती जिंकून देत होती.

म्हणजे सरांची टीका कठोर होती हा तिचा दुसरा दोष; पहिला दोष असा की ती असत्य होती. मुलीचे लक्ष होते. ऐकून घेण्याआधीच उत्तर देणे हा मूर्खपणा आहे असे नीतिसूत्रे १८:१३ स्पष्ट सांगते, आणि प्रशिक्षकाच्या बाबतीत ऐकून घेण्यात पाहून घेणेही येते. टीका सौम्य कशी करावी याची चर्चा आपण फार करतो. ती खरी आहे का याची शहानिशा मात्र निकालाच्या गडबडीत राहून जाते.

चुकीला पापाची भाषा

ख्रिस्ती संघांमध्ये एक धोका विशेष असतो. आपल्याजवळ नैतिक शब्दांचा मोठा साठा असतो, आणि तो आपण तांत्रिक चुकांवर सहज खर्च करतो. बॅटन निसटला तर विश्वासूपणा नाही, सुरुवात हुकली तर बेफिकिरी, दमछाक झाली तर आळस. थोडक्यात विश्वासू असणाऱ्याविषयीचे वचन लूक १६:१० मध्ये आहे, पण ते धन आणि कारभार यांच्या संदर्भात, निवड हाती असलेल्या माणसाविषयी आहे. धावताना चुकीच्या क्षणी फिरलेल्या खांद्याविषयी नाही. खांदा फिरणे हे पाप नव्हे. त्याला पश्चात्ताप नको, सराव हवा. चौदा वर्षांच्या मुलीला जेव्हा देवाच्या शब्दांत सांगितले जाते की तिच्या हातातून पडलेली वस्तू तिच्या अंतःकरणाचा पुरावा आहे, तेव्हा तिच्यावर जे ओझे पडते ते साध्या रागावण्यापेक्षा कितीतरी जड असते, कारण त्यावर दाद मागायला तिला कुठे जागाच उरत नाही.

प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात, ५:१४ मध्ये, मंडळीला दिलेली सूचना मला या बाबतीत फार नेमकी वाटते. अव्यवस्थित वागणाऱ्यांची कानउघाडणी करा, ज्यांचा धीर खचला आहे त्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या आणि सर्वांशी सहनशीलतेने वागा, असे तो सांगतो. माणसे तीन प्रकारच्या अवस्थांत असतात आणि प्रत्येकीला वेगळे बोलणे लागते. सहनशीलता तेवढी सर्वांना सारखी. या संघाकडे त्या दृष्टीने पाहिले तर वाटप पूर्ण उलटे झालेले दिसते. जिची कानउघाडणी व्हायला हवी होती तिचे कौतुक होत होते. शर्यतीच्या दिवशी जिला फक्त आधार, म्हणजे हात कसा स्थिर ठेवावा याचे शिक्षण हवे होते, तिची कानउघाडणी झाली. आणि त्यानंतर जिचा धीर खरोखर खचला, तिला धीराच्या नावाखाली "छान" एवढाच शब्द मिळत राहिला.

दोघांनीही आपापल्या बाजूला वचने ठेवली होती, हेही नोंदवले पाहिजे. सरांचा आधार इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायावर होता: शिस्त त्या वेळी दुःखाची वाटते, पण पुढे तिला नीतिमत्त्वाचे फळ येते (१२:११). वचन खरे आहे. मात्र त्याच अध्यायात आधी हे ठरून गेलेले आहे की शिस्त लावली जाते ती पुत्राला, म्हणजे नाते शिस्तीच्या अगोदर पक्के आहे आणि शिस्तीतल्या अपयशाने ते तुटत नाही. शिवाय १२:१० मध्ये देवाची शिस्त आणि मानवी पित्यांची शिस्त यांत फरक केला आहे. माणसे आपल्याला योग्य वाटेल तशी शिस्त लावतात, म्हणजे त्यांचा अंदाज चुकू शकतो. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे उतारा अकराव्या वचनाशी थांबत नाही. लगेच पुढे, १२:१२-१३ मध्ये, गळालेले हात आणि लटपटणारे गुडघे सावरा, पावलांसाठी वाटा सरळ करा, म्हणजे जे लंगडे आहे ते निखळणार नाही, बरे होईल, असे लिहिले आहे. शिस्तीचे वचन धावपटूंना ऐकवणाऱ्याने ही दोन वचने गाळू नयेत. सरांनी नंतर ती मुलींसमोर स्वतः वाचली.

ताईचा आधार १ थेस्सलनीका ५:११ वर होता, एकमेकांना धीर द्या आणि एकमेकांची उन्नती करा. तिनेही तीन वचने पुढे जाऊन कानउघाडणीचा उल्लेख वाचला नव्हता. तिच्या मायेबद्दल मला आदर आहे, आणि शर्यतीनंतर मुलीजवळ बसायला तीच गेली हे मी विसरत नाही. पण "काही झालेलं नाही" हे खरे नव्हते. झाले होते, चार मुलींची मेहनत गेली होती, आणि ते त्या मुलीला ताईपेक्षा जास्त ठाऊक होते. तिचे दुसरे वाक्य, "तू जन्मजात धावपटू आहेस", ऐकायला निरुपद्रवी वाटते. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ज्या मुलांच्या हुशारीचे कौतुक केले गेले ती पुढच्या अपयशानंतर लवकर खचली आणि कमी चिकाटीने काम करू लागली. ज्यांच्या प्रयत्नांचे कौतुक झाले ती टिकून राहिली. ते प्रयोग अभ्यासातल्या कोड्यांवर झाले होते, धावपट्टीवर नव्हे, पण कारण दोन्हीकडे लागू पडते असे मला वाटते: जी देणगी जन्मतःच मिळाल्याचे सांगितले जाते, ती नसल्याचा पुरावा प्रत्येक चुकीत दिसू लागतो.

क्रीडाक्षेत्रातला एक अभ्यासही येथे उपयोगाचा आहे. नॅन्सी बार्नेट, फ्रँक स्मोल आणि रोनाल्ड स्मिथ यांनी १९९२ मध्ये मुलांच्या बेसबॉल संघांविषयी जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत प्रयत्नांची दखल घेणे, चुकीनंतर धीर देणे आणि तंत्र उत्साह वाढेल अशा रीतीने शिकवणे यांचे प्रशिक्षण मिळालेल्या प्रशिक्षकांच्या संघांतून पुढच्या हंगामात ५ टक्के मुले गळली, तर असे प्रशिक्षण न मिळालेल्या प्रशिक्षकांच्या संघांतून २६ टक्के. जिंकण्या-हरण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. कडकपणा सोडला तर संघ हरेल, या सरांच्या भीतीला हे चांगले उत्तर आहे. आणि नुसते बोलत राहिल्याने सुधारणा होतेच असेही नाही: अवराहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरील अनेक संशोधने एकत्र तपासली, तेव्हा सरासरीने कामगिरी सुधारत असली तरी एक-तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर ती घसरल्याचे आढळले. लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळले की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. या मुलीची मान मागे वळत होती ती बॅटनकडे पाहण्यासाठी; मन मात्र "मी कशी आहे" याकडे वळले होते.

येथवर संशोधन आपल्याला नेते. ते जे देऊ शकत नाही ते मार्क १:११ मध्ये आहे. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी स्वर्गातून वाणी होते की तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. आणि मार्काच्या वृत्तांतात तोवर येशूने एकही चमत्कार केलेला नाही, कोणाला बरे केलेले नाही, अरण्यातली परीक्षाही अजून यायची आहे. संतोष आधी, काम नंतर. आपण त्या पुत्राच्या जागी नाही हे मला कळते, पण त्याच्यामध्ये आपणही देवाची मुले म्हणून स्वीकारले गेलो आहोत हा तर सुवार्तेचाच भाग आहे. हे ज्या मुलीला मनापासून ठाऊक आहे, तिला "तुझा हात बाहेर जातोय" हे वाक्य ऐकताना स्वतःचे मोल पणाला लावावे लागत नाही. मग ते वाक्य मऊ करायचीही फारशी गरज उरत नाही.

काय बदलले

सरांनी प्रथम माफी मागितली. त्यांना ती एकांतात मागायची होती. ताईने आग्रह धरला की जे सर्वांसमोर बोलले गेले ते सर्वांसमोरच परत घेतले जावे, आणि माझ्या मते तिचे बरोबर होते. त्यांनी संघासमोर सांगितले की लक्ष नसल्याचा आरोप खोटा होता, विश्वासूपणाचे वचन त्यांनी चुकीच्या ठिकाणी वापरले, आणि चित्रफितीत त्यांनी स्वतः काय पाहिले. मुलीने मान हलवली, एवढेच. एका माफीने सर्व काही जागेवर येईल अशी अपेक्षा कोणी ठेवली नव्हती.

मग मैदानावरची भाषा बदलली. सरांनी एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि ती शरीराच्या अवयवाविषयी, क्षणाविषयी किंवा अंतराविषयी असावी, असे ठरले: "हाक आली की अंगठा खाली, तळवा वर, आणि कोपर हलवू नकोस." चांगले झाले तर तेही तितक्याच नेमकेपणाने सांगायचे: "आत्ता खुणेवर बरोबर सुटलीस, हात हलला नाही." ताईसाठी हे अधिक अवघड ठरले. "छान" हा शब्द टाळण्याचा तिने निश्चय केला, तेव्हा तिच्या ध्यानात आले की कितीतरी वेळा नेमके काय चांगले झाले हे तिला सांगताच येत नाही, कारण तिने ते पाहिलेलेच नसते. ती आता बदलाच्या पट्ट्याच्या अगदी कडेला उभी राहून फक्त हाताकडे पाहते.

मुलीला मात्र भीतीतून बाहेर काढायला तंत्राची सूचना पुरणार नव्हती. शिष्य पेत्राने येशूला ओळखत नसल्याचे तीन वेळा सांगितल्यानंतर येशूने त्याला गाठले, तो प्रसंग योहानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे, आणि त्यात दोन्ही प्रशिक्षकांना न जमलेली गोष्ट घडते. काहीच झाले नाही असे येशू म्हणत नाही. तू माझ्यावर प्रेम करतोस काय, असे तो तीन वेळा विचारतो, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला दुःख होते. पण प्रत्येक उत्तरापाठोपाठ तो त्याला काम देतो, माझी मेंढरे चार. जबाबदारी काढून घेणे हे सांत्वन नव्हे, हे त्यातून सरांनी घेतले. राखीव होण्याची मुलीची विनंती त्यांनी तिला बसवून, शांतपणे नाकारली. तिसरा टप्पा तिचाच राहील, बॅटन पुन्हा पडला तरी राहील, आणि सरावात तो पडला तर त्यांना चालेल, असे त्यांनी सांगितले. उशिरा सुटून सुरक्षित घेतलेला बॅटन मात्र चालणार नाही, हेही त्याच दमात सांगितले. पुढच्या सरावांत तो बऱ्याचदा पडला. मग कमी वेळा. पुढच्या स्पर्धेत बदल पूर्ण वेगात झाला आणि संघ चौथा आला. पदक मिळाले नाही. मुलगी त्या दिवशी सरांकडे स्वतःहून आली आणि विचारू लागली की शेवटच्या बदलात चौथ्या मुलीला हाक द्यायला तिला उशीर झाला का. झाला होता. सरांनी तसे सांगितले आणि किती ढांगांचा फरक होता तेही सांगितले.

दुसरी मुलगी

सर्वांत वेगवान मुलीचा प्रश्न अधिक चिवट आहे, आणि अशा मुलांकडे आपण फार कमी लक्ष देतो असे मला वाटते. तिच्या बाबतीत गोष्ट तंत्राची नव्हती, निवडीची होती. सराव टाळणे तिच्या हातात होते आणि त्याची किंमत दुसरीने मोजली होती. येथे नैतिक शब्द वापरण्याला जागा होती. हे बोलायचे काम ताईने घ्यावे असे दोघांनी ठरवले, कारण सरांकडून आले असते तर ते नेहमीचे रागावणे ठरले असते, आणि ताईच्या कौतुकावर मुलींचा पुन्हा विश्वास बसायचा तर तिच्या तोंडून कधीतरी अप्रिय सत्यही निघायला हवे होते.

ताईने तिला सराव संपल्यावर एकटीला थांबवले आणि चित्रफितीतला तो तुकडा दाखवला. "तुझी मैत्रीण ज्याबद्दल सगळ्यांसमोर ऐकून घेत होती, त्यातला हा भाग तुझा आहे. पूर्ण वेगाचा सराव तू टाळलास म्हणून खूण जुळली नाही. तू संघात हवी आहेस, पण सराव टाळून नकोस." मुलगी रडली, चिडली, आणि पुढचे दोन सराव तिने बुडवले. तिसऱ्याला आली आणि बदलाचा पूर्ण सराव केला. तेव्हापासून ती कधी करते, कधी सबब सांगते. सरांचे मत तिला एका स्पर्धेतून वगळावे असे आहे. ताई म्हणते की तिला आणखी एक हंगाम द्यावा, मात्र प्रत्येक टाळाटाळीची तिला त्याच दिवशी, एकांतात, स्पष्ट जाणीव करून द्यावी. मला सरांचे मत अधिक पटते, कारण त्या सबबींचा भुर्दंड अजूनही तिसऱ्या टप्प्यावरची मुलगीच भरते आहे. निर्णय झालेला नाही. तिच्या पालकांना आपली मुलगी संघाचा कणा आहे एवढेच आजवर सांगण्यात आले आहे, आणि त्यांच्याशी बोलायला दोघांनीही एकत्र जायचे ठरले आहे.